पदकावरची कोरी जागा

माझे वडील सनई वाजवायचे. आम्ही त्यांना बा म्हणत असू. पैनगंगेपलीकडच्या एका लहानशा संस्थानाच्या राजानं एका दसऱ्याला बाला चांदीचं पदक दिलं होतं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. कला आणि विद्या यांत ज्यांनी काही करून दाखवलं त्यांना ते राजे दर दसऱ्याला अशी चार-पाच पदकं देत. कुणी शास्त्री असे, कुणी वैद्य, कुणी गवई. त्यात एका वर्षी आमचा बा. वणी तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेरच्या वस्तीत तोवर कुणाला कुणी काही दिलेलं नव्हतं. जे मिळायचं ते मागून मिळायचं.

पदक कलदार रुपयापेक्षा मोठं होतं. एका बाजूला राजघराण्याची देवी, वाघावर बसलेली. दुसऱ्या बाजूला कडेनं गोल अक्षरं, ‘कला व विद्या यांच्या गौरवार्थ’, आणि खाली संस्थानाचं नाव. मधे सुपारीएवढी गुळगुळीत जागा. लाल फीत पिळवटून दोरीसारखी झालेली. मायनं ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं, खंडोबाच्या आणि मरीआईच्या टाकांशेजारी. टाक म्हणजे देवाचा ठसा उठवलेला चांदीचा पत्रा. पदकही चांदीचं आणि त्यावरही देवी, तेव्हा मायला त्यात वेगळं काही दिसलं नाही. टाकांना हळदकुंकू लागायचं तसं पदकालाही लागायचं. वर्षानुवर्षांच्या कुंकवानं देवीचं नाक बुजून गेलं होतं.

घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. शाळेत गेलेला पहिला मीच. मी चौथीत असताना एकदा मामा आले होते. बानं पदक देव्हाऱ्यातून काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

“वाच ना बापू. तुह्या मामाले आयकू दे.”

मी गोल अक्षरं वाचली. संस्थानाचं नाव वाचलं. मग थांबलो.

“अन् मधात?” बा म्हणाला. “मधात माहं नाव हाय ते?”

मधे काही नव्हतं. मी पदक उजेडाकडे धरलं, तिरकं केलं. नुसती चांदी. मान वर केली तर बा माझ्या तोंडाकडे बघत होता, ओठ जरा उघडे. सनई फुंकायच्या आधी त्याचे ओठ तसे व्हायचे. मी बाचं नाव वाचलं. मग आजोबांचं, मग आमचं आडनाव. थांबत थांबत, एकेक अक्षर लावून वाचतो तसं.

मामा म्हणाले, “भाऊजी, आपल्या गावच्या पाटलाले तुमचं नाव ठाऊक नाई, अन् राजाले कसं ठाऊक झालं?”

“राजा आयकत होता,” बा म्हणाला. “पाटील जेवत होता.”

सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर जो पाहुणा येई त्याला मी ते वाचून दाखवत असे, आणि दर वेळी अधिक सफाईनं. दहा वर्षांच्या मुलानं एकदा बोललेलं खोटं पंधराव्या वर्षी मागे घेता येत नाही हे मला पुढे कळलं. तोवर ते घरातलं खरं झालं होतं. राजेसाहेबांनी स्वतःच्या हातानं छातीवर पदक लावलं, असं बा सांगायचा, आणि त्यावरचं नाव मी वाचायचो. दोन साक्षीदार झाल्यावर माय तरी शंका कशाला घेईल?

सातवीनंतर मी वणीच्या हायस्कुलात गेलो. तिथल्या एका मास्तरांनी मला त्यांच्या पडवीत झोपायला जागा दिली, कंदील दिला, आणि मॅट्रिकच्या वर्षी पुस्तकंही दिली. त्या माणसाचे उपकार मी कधी फेडू शकलो नाही. ते तशी अपेक्षाही करत नव्हते.

छप्पन साली दसऱ्याला आमच्या वस्तीतली चाळीसेक माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. मी अठरा वर्षांचा होतो आणि त्यांच्यात होतो. परत आल्यावर वस्तीची बैठक झाली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत. गावाच्या लग्नात, पोळ्यात, देवीपुढं वाजवायचं नाही. घरात देव ठेवायचे नाहीत. हे निर्णय योग्य होते, असं मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो. त्या निर्णयांमुळेच मी माणूस म्हणून शिकलो, नोकरीला लागलो, चारचौघांत खुर्चीवर बसलो. पुढं जे झालं त्याचा दोष त्यांच्यावर टाकावा असं मला वाटत नाही.

देव गोळा करायचं काम तिघा तरुणांवर आलं. त्यात मी एक होतो, कारण मी सर्वांत जास्त शिकलेला. आम्ही गोणपाट घेऊन घरोघर फिरलो. कुणी मुकाट्यानं दिलं, कुणी टाक ज्वारीच्या कणगीत लपवले. एक म्हातारी दारात बसली होती. ती म्हणाली, “बुडवाले चालले का रे देवाले? थंडीचे दिस हाय, ऊन पाण्यानं आंघोळ तरी घालून न्या.” आणि स्वतःच उठून देव्हारा आमच्या गोणपाटात रिकामा केला.

शेवटी आमचं घर. आपल्या घरापासून सुरुवात करायला हवी होती. मी ते शेवटी ठेवलं याचं कारण मला माहीत होतं.

मायनं टाक दिले. पदक बानं मुठीत धरलं होतं.

“हा देव नाई,” तो म्हणाला. “हे माही मेहनत हाय. याच्यावर माहं नाव हाय.”

माझ्या सोबत्यांपैकी एकजण आठवीपर्यंत शिकलेला होता. तो म्हणाला, “मंग राहू द्या ना काका. नाव असंन तं राहू द्या. पाहू बरं.” आणि त्यानं हात पुढे केला.

बानं मूठ उघडली. पण त्याच्या हाती न देता माझ्याकडे धरली. “बापू, वाचून दाखव याले.”

त्या क्षणी काय करता आलं असतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वाचून दाखवलं असतं तर शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या वाचणाऱ्यानं ते पाहिलं असतं. खरं सांगितलं असतं तर ते वस्तीसमोर, बाच्या तोंडावर सांगावं लागलं असतं. मी पदक उचललं, देवीची बाजू वर केली आणि म्हणालो, “यावर देवीचं चित्र आहे. वाघावर बसलेली. हिला घरी ठेवून बाकीच्यांचे देव कसे नेणार?”

मोठा तत्त्वाचा माणूस असल्यासारखं मी ते बोललो. सोबती माझ्याकडे आदरानं बघत होते. मी पदक गोणपाटात टाकलं.

बाचा उघडा हात तसाच पुढे होता. माय म्हणाली, “नेऊ दे. पोरगं शिकलेलं हाय, त्याले समजते.”

आम्ही गोणपाट पैनगंगेच्या डोहात सोडलं. नदी दोन कोसांवर होती. जाताना सगळे घोषणा देत होते, मी सर्वांत मोठ्यानं.

त्यानंतर बानं सनई वाजवली नाही. वाजवायला जागाच उरली नव्हती. वाजवायचं ते गावासाठी, आणि गावासाठी वाजवायचं नाही असं ठरलं होतं. वस्तीतल्या लग्नांत वाजव म्हणून कुणी म्हटलं तर तो म्हणे, “आता श्वास पुरत नाई.” तो वणीला जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लागला. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे, आणि हवेत दिवसभर तरंगणारा कापसाचा फुफाटा. दोन वर्षांत त्याला खोकला लागला. मग श्वास खरंच पुरेना.

मी शिष्यवृत्तीवर बी. ए. झालो. आमच्या पंचक्रोशीतल्या आमच्या लोकांत पहिला. पांढरकवड्याच्या शाळेत शिक्षक झालो आणि शनिवारी एसटीनं गावी येऊ लागलो. दर रविवारी वस्तीत वंदना होई आणि पंचशील मी सांगत असे. मी एकेक शील म्हणायचं आणि सगळ्यांनी मागून. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना बा समोर पहिल्या रांगेत बसलेला असायचा आणि तोही माझ्यामागून म्हणायचा.

बासष्टच्या सुमारास आमच्या शाळेत गटविकास कचेरीचा कागद आला. जिल्ह्यातल्या जुन्या कलावंतांचा सत्कार व्हायचा होता, शिक्षकांनी आपापल्या भागातली नावं कळवायची होती. मी बाचं नाव दिलं आणि संस्थानाच्या पदकाबद्दल लिहिलं. काही दिवसांनी मला बोलावणं आलं. तिथले विस्तार अधिकारी मनानं वाईट नव्हते. त्यांच्यासमोर कागदांचा गठ्ठा होता.

“गुरुजी, या गठ्ठ्यात निम्मे लोक सनई वाजवणारेच आहेत. सगळ्यांचा सत्कार कसा करणार? पण राजानं पदक दिलेला एकच आहे. ते पदक आणून दाखवा, मी नाव यादीत वर घालतो.”

“पदक नदीत आहे,” मी म्हणालो.

“नदीत?”

“पैनगंगेत. आम्ही दीक्षा घेतली तेव्हा.”

त्यांनी माझा कागद गठ्ठ्यावर ठेवला. “मग सत्कार पैनगंगेचा करावा लागेल.” मग स्वतःच ओशाळले. म्हणाले, “संस्थान गेलं तरी दप्तर असेल. नोंद असेल कुठं तरी. तिची नक्कल आणा, मला तेवढं पुरे.”

हे मी बाला सांगायला नको होतं. आधी जाऊन यायला हवं होतं. पण मला वाटलं, खोकल्यानं खंगलेल्या माणसाला जरा बरं वाटेल. बरं वाटलंही. पुढच्या शनिवारी गेलो तर त्यानं आढ्याला खोचलेली सनई खाली काढली होती आणि तिच्या भोकांत साचलेली धूळ कापसाच्या वातीनं काढत बसला होता.

“कवा चालला?” त्यानं विचारलं.

“दिवाळीच्या सुट्टीत.”

“सांग त्यायले, मीच तो मनून. पालखीपुढं तीन दिस वाजवलं होतं, तो. वळखतीन.” मग थोडं थांबून, “फुंकून पाहू का?”

“नको बा. खोकला येईल.”

“हो,” तो म्हणाला आणि वात फिरवत राहिला.

सुट्टीत मी निघालो. पांढरकवड्याहून हैदराबादच्या सडकेनं जाणाऱ्या ट्रकमधून नदीपार, तिथून बस, मग तीन मैल पायी. राजवाडा म्हणजे दगडी ओटा असलेलं दुमजली घर होतं. त्याच्या अर्ध्या भागात सरकारी गोदाम झालं होतं. राजे वारले होते, वारस हैदराबादला होते. दप्तराची किल्ली एका म्हाताऱ्या कारकुनाकडे होती. मी माझी पदवी सांगितली, शिक्षक असल्याचं सांगितलं. त्यांनी मला बसायला पाट दिला आणि माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. पाट त्यांनी परत मागितला नाही, पण पाणी आणायला उठले होते ते पुन्हा बसले.

वर्ष मला अंदाजानं माहीत होतं. दोन तास वह्या काढल्यावर दसऱ्याच्या दरबाराची वही मिळाली. ती मोडीत होती. मला मोडी येत नाही. कारकून वाचत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

“कला व विद्या पदक. एक शास्त्री, यांचं नाव. एक वैद्य, यांचं नाव. गवई, नाव. मूर्तिकार, नाव.” त्यांचं बोट खाली सरकलं. “आणि हे घ्या. पालखीपुढील सनईवाला महार, एक. यास पदक ओट्यावरून दिले.”

“नाव?”

“नाव नाही.”

“पुन्हा पाहा ना.”

त्यांनी पुन्हा वाचलं. तेच होतं. मग त्यांनी चष्मा काढला. “मला आठवतं ते. मी तरुण होतो, याच ओट्यावर उभा होतो. वाजंत्री खाली अंगणात. राजेसाहेबांना ती सनई फारच आवडली. म्हणाले, एक पदक त्यालाही द्या. मग त्यानं उपरणं पसरलं आणि हुजऱ्यानं वरून त्यात टाकलं. दरबारात बसलेल्यांच्या पदकांवर सोनार नंतर नावं कोरायचा. याचं नाव कुणी विचारलं नाही.”

“छातीवर लावलं नाही?”

“अहो गुरुजी,” ते म्हणाले. हळूच म्हणाले, चिडून नाही. “छातीवर कसं लावणार?”

मी नक्कल मागितली. त्यांनी बाळबोधीत ती ओळ उतरवून खाली सही केली. नाव घालू का, असं त्यांनी मला विचारलं. “मूळ वहीत नाही, पण तुम्ही सांगता आहात तर घालतो. कोण तपासणार आहे?”

मी नको म्हणालो. बसमध्ये, ट्रकमध्ये, सबंध रस्ताभर मला आपण काही चांगलं केल्यासारखं वाटत होतं. लहानपणापासूनचं एक खोटं संपवायची वेळ आली आहे, दर रविवारी ज्या तोंडानं शील सांगतो त्याच तोंडानं आता खरं सांगायचं, असं मी ठरवलं. मी शिकलेला होतो, आणि शिकलेल्या माणसानं असंच वागावं असं मी पुस्तकांत वाचलं होतं.

बा अंगणात खाटेवर बसला होता. मला बघून सरकून जागा केली.

“सापडलं?”

“सापडलं.”

“वाच.”

मी कागद उघडला आणि लिहिलं होतं तसं वाचलं. सनईवाला महार, एक. ओट्यावरून दिले.

“अन् नाव?”

“नाव नाही बा. वहीत नाही. पदकावरही नव्हतं.”

घरातून माय बाहेर आली आणि दारातच थांबली.

“पदकावर मधे कोरी जागा होती,” मी म्हणालो. एकदा सुरू केल्यावर मला थांबता येईना. “मी चौथीत होतो. तुम्ही वाट बघत होतात, म्हणून मी वाचलं.”

“मंग दर खेपी काहून वाचलं?”

मी कागदाची घडी घातली.

“अन् नदीत काहून टाकलं?” त्यानं विचारलं. मग तोच म्हणाला, “हं. म्हणून टाकलं.”

खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यानं तोंड पुसलं. “ओट्यावरून टाकलं ते मले ठाऊक हाय. माह्या उपरण्यातच पडलं ना. ते मी कोणाले सांगितलं नाई. पोराइले कायले सांगाचं ते?” मग माझ्याकडे न बघता, “मले वाटे, फेकलं तं फेकलं, नाव तं लिवलं. लिवलेलं नाई जात.”

माय मला म्हणाली, “आजच सांगाचं होतं का रे तुले?”

मी म्हणालो, “खरं सांगायला हवं होतं.”

“कोणाले हवं होतं?” माय म्हणाली आणि आत गेली.

सत्काराच्या अर्जावर अंगठा लागत होता. दुसऱ्या दिवशी मी शाईची डबी पुढे केली. नावाशिवायची का होईना, नोंद खरी होती, अधिकाऱ्यांनी ती मानली असती. बा म्हणाला, “त्या कागदावर मी कुठं हाय? एक सनईवाला हाय. त्यालेच अंगठा माग.” तो रागानं बोलला नाही, म्हणून मला आग्रहही करता आला नाही. अर्ज माझ्या पेटीत राहिला आणि मुदत टळून गेली. त्या वर्षीच्या सत्काराला मी शिक्षक म्हणून हजर होतो, खुर्च्या मांडून घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

त्यानंतर एक फरक पडला. आमच्याकडे कधीमधी मामांचं पोस्टकार्ड येई. पूर्वी बा ते माझ्यासाठी शनिवारपर्यंत राखून ठेवायचा. आता शेजारची तिसरीतली मुलगी ते वाचून दाखवायची. एकदा मी घरी असताना कार्ड आलं. बानं तिला हाक मारली. ती अडखळत वाचत होती, ‘कळावे’ला थांबली, ‘लोभ असावा’ला थांबली. मी समोर खाटेवर बसलो होतो. तिला अडलं तेव्हाही बा माझ्याकडे वळला नाही. तिला म्हणाला, “सावकाश वाच माय. जे हाय तेच वाच.”

त्यात टोमणा होता की नाही हे मला सांगता येत नाही. बा टोमणे मारणारा नव्हता.

चौसष्टच्या चैत्रात तो गेला. शेवटचे काही दिवस श्वास एवढा लागायचा की बोलणं होतच नसे. मी रजा घेऊन जवळ होतो. पाणी पाजायचो, पाठ चोळायचो, तो माझ्या हातून सगळं करून घ्यायचा. मी माफी मागितली नाही. खरं बोलल्याची माफी कशी मागायची हे मला कळत नव्हतं, आणि खोटं बोलल्याची मागायला फार उशीर झाला होता.

तिसऱ्या दिवशी मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेलो. सचिव माझ्याच वयाचे, मॅट्रिक झालेले होते. मला खुर्ची दिली. मोठं रजिस्टर उघडून ते एकेक रकाना भरू लागले. बाचं नाव विचारलं, मी सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव, वय, आजार.

“धंदा?”

“सनई वाजवायचे,” मी म्हणालो.

“ते कधी? मी या गावात आल्यापासून तर कधी ऐकली नाही.”

“आधी. छप्पनच्या आधी.”

“आता काय करत होते ते सांगा गुरुजी. रकाना लहान आहे.”

“जिनवर होते. सात वर्षं.”

“मग मजूर,” ते म्हणाले आणि लिहिलं. टीपकागद दाबला, रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. “वाचून पाहा आणि सही करा.”

मी वाचलं. बाचं नाव पूर्ण होतं, आजोबांचं होतं, आडनावाचा एक काना चुकला होता तो मी त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतला. ‘मजूर’ लिहिलेल्या रकान्यावर मी बोट ठेवलं. सचिवांनी विचारलं, “काही चुकलं का?”

चुकलेलं काही नव्हतं. मी नाही म्हणालो आणि सही केली.